कोड ५१ म्हणजे काय? स्प्रेडशीटमधील मेटाडेटा डेटासेटला जोडण्याची पद्धत

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची, म्हणजे ‘पीएलएफएस’ची, मूळ फाइल प्रथमच उतरवून घेणारा विद्यार्थी ती उघडतो, तेव्हा त्याला अंकांच्या लांबच लांब ओळींपलीकडे काहीही दिसत नाही. शीर्षके नसतात, स्वल्पविराम नसतात, दोन उत्तरांमध्ये मोकळी जागाही नसते. सोबत ‘लेआउट’ नावाची एक एक्सेल फाइल मिळते, आणि ओळीतील कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंतचे अंक कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत, हे तिच्यात लिहिलेले असते. त्या उत्तरातील ५१ म्हणजे सार्वजनिक कामांव्यतिरिक्त अन्यत्र केलेली रोजंदारी आणि ३१ म्हणजे नियमित पगाराची नोकरी, हे मात्र सर्वेक्षणाच्या अनुसूचीत, म्हणजे प्रश्नावलीत, किंवा क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनापुस्तिकेत शोधावे लागते. अंक एकीकडे आणि त्यांचा अर्थ सांगणारी माहिती, म्हणजे मेटाडेटा, दुसरीकडे, अशी ही स्थिती असते. हे दोन्ही एकत्र आणण्याची, आणि तेही हाताने एकेक लेबल न टंकता आणण्याची, पद्धत या लेखात दिली आहे.

उदाहरणासाठी ‘आर’ ही विनामूल्य सांख्यिकी प्रणाली घेतली आहे. एसपीएसएस आणि स्टाटा ही अन्य सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटच्या भागात काही सूचना आहेत, पण स्प्रेडशीट तयार करण्याचा भाग तिन्हींसाठी समान आहे आणि खरे कामही तिथेच आहे. लेखात फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि दिलेल्या अधोरेषांसह टंकावीत.

कोणती माहिती जोडायची आहे

डेटासेटच्या प्रत्येक स्तंभाला, म्हणजे चलाला, चार प्रकारची माहिती जोडावी लागते. पहिली म्हणजे चलाचे आटोपशीर नाव, जे आज्ञांमध्ये वापरायचे असते. दुसरी म्हणजे चलाचे लेबल, म्हणजे ‘मागील ३६५ दिवसांतील मुख्य कामाची स्थिती’ असे वाचकाला समजणारे वर्णन. तिसरी म्हणजे मूल्यांची लेबले, ज्यांत प्रत्येक संकेतांकाचा अर्थ असतो. चौथी म्हणजे ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ अशा अर्थाचे आणि म्हणून सरासरी काढताना वगळायचे संकेतांक. फाइल निश्चित रुंदीची असेल, तर चलाची ओळीतील सुरुवात आणि शेवट या दोन गोष्टीही लागतात.

आर प्रणालीत ही माहिती स्तंभाला ‘ॲट्रिब्यूट’ म्हणून चिकटवली जाते. मूळ आकडे तसेच राहतात आणि ५१ हा ५१ च राहतो. फक्त त्याच्यासोबत त्याचा अर्थ फिरू लागतो. एक्सेलमध्ये शोधा-आणि-बदला वापरून संकेतांकांच्या जागी शब्द भरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो टाळावा, कारण एकदा संकेतांक पुसला गेला की मूळ फाइलशी ताळा घेण्याचा मार्गच बंद होतो.

आधी शीट नीट करावी

लेआउटची मूळ फाइल माणसाने वाचण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात जोडलेले सेल, मधेच आलेली उपशीर्षके, रिकाम्या ओळी आणि शेरे असतात. तिला हात न लावता तिची एक प्रत करावी आणि त्या प्रतीत दोन स्वतंत्र शीट तयार कराव्यात.

पहिल्या शीटला ‘चल’ म्हणू. तिच्यात प्रत्येक चलासाठी एकच ओळ असावी आणि स्तंभ पुढीलप्रमाणे असावेत: नाव, लेबल, सुरुवात, शेवट, लांबी, संकेतसूची, वगळायचे संकेतांक. ‘नाव’ या स्तंभात रोमन लिपीतील, मोकळी जागा नसलेली नावे द्यावीत. देवनागरी नावे आर प्रणाली स्वीकारते. पण ती सतत टंकणे त्रासाचे असते आणि फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना त्यांचाच अडथळा होतो. मराठी लेबलांसाठी आहे. नाव हे केवळ हाताळण्याचे साधन आहे.

दुसऱ्या शीटला ‘संकेत’ म्हणू. इथे नवशिक्यांची एक ठराविक चूक होते. ‘१=पुरुष, २=स्त्री’ असा मजकूर एकाच सेलमध्ये भरला जातो. तो वाचायला सोपा असला, तरी संगणकाला तो तोडून घ्यावा लागतो आणि एखाद्या लेबलातच स्वल्पविराम आला की तोडणी चुकते. म्हणून एका संकेतांकाला एक ओळ द्यावी:

संकेतसूची | संकेतांक | लेबल
लिंग | १ | पुरुष
लिंग | २ | स्त्री
मुख्यस्थिती | ११ | स्वयंरोजगार, स्वतःच्या जबाबदारीवर
मुख्यस्थिती | १२ | मालक
मुख्यस्थिती | २१ | घरच्या व्यवसायात मदतनीस
मुख्यस्थिती | ३१ | नियमित पगारी
मुख्यस्थिती | ४१ | सार्वजनिक कामावर रोजंदारी
मुख्यस्थिती | ५१ | अन्य रोजंदारी
मुख्यस्थिती | ८१ | बेरोजगार
मुख्यस्थिती | ९१ | शिक्षण घेत आहे

पहिल्या स्तंभात चलाचे नाव न देता सूचीचे नाव दिले आहे, याला कारण आहे. ‘होय किंवा नाही’ अशी सूची वीस प्रश्नांना लागू असू शकते, आणि ती वीस वेळा लिहिली तर एखाद्या ठिकाणी हमखास फरक पडतो. एकदाच लिहावी आणि ‘चल’ शीटमधील संबंधित वीसही ओळींत तिचे नाव द्यावे. मात्र दोन सूची सारख्या दिसतात म्हणून त्या एकच आहेत असे गृहीत धरू नये. चालू साप्ताहिक स्थितीच्या सूचीत ३१, ४१, ५१ हे वार्षिक स्थितीप्रमाणेच, म्हणजे वरच्या मुख्यस्थितीप्रमाणेच, असतात. पण काम असूनही आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने त्या आठवड्यात काम न केलेल्यांसाठी ६१, ६२, ७१, ७२ असे संकेतांक तिच्यात वाढतात. वार्षिक स्थितीची सूची तिथे लावली, तर ही माणसे लेबलाविना राहतात.

वरच्या तक्त्यात देवनागरी अंक दिसत आहेत, ते छापील मजकुरासाठी. प्रत्यक्ष शीटमध्ये अंक इंग्रजीच (1, 2, 3 असे) हवेत. कळफलक मराठीवर असताना टंकलेला ५१ आर प्रणालीच्या दृष्टीने संख्या नसून निव्वळ अक्षरे असतात. त्याचे संख्येत रूपांतर करू गेल्यास ‘एनए’, म्हणजे रिकामे मूल्य, मिळते.

एक्सेलच्या मदतीच्या सवयींपासूनही सावध राहावे. राज्यांच्या संकेतांकांत महाराष्ट्र २७ आणि गोवा ३० असल्याने आपल्याला अडचण जाणवत नाही. पण हिमाचल प्रदेशाच्या ०२ मधील शून्य एक्सेल परस्पर गाळून टाकते. स्थान दाखवण्यासाठी ‘४-८’ असे एकाच सेलमध्ये लिहिले, तर त्याची तारीख होते. या एका सवयीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला काही जनुकांची नावेच बदलावी लागली, कारण ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही नावे संशोधकांच्या शीटमध्ये तारखा होऊन बसत होती. उपाय साधा आहे. काही भरण्यापूर्वीच संपूर्ण शीट निवडून सेलचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. भरल्यानंतर स्वरूप बदलून गेलेले शून्य परत येत नाही.

मराठी मजकुराच्या दोन अडचणी वेगळ्याच आहेत. जुन्या कार्यालयीन फाइलींतील मराठी कृतीदेव किंवा तत्सम बिगर-युनिकोड फाँटमध्ये असू शकते. पडद्यावर ते मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे कडबोळे असते आणि सॉफ्टवेअरला तेच दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो, आणि दोन्ही रूपे डोळ्यांना एकसारखी दिसली तरी संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. म्हणून जुळवणी, गाळणी, तुलना ही सर्व कामे संकेतांकांवर करावीत आणि लेबलांवर कधीही करू नयेत.

शीट बंद करण्यापूर्वी एक ताळा तिथेच घ्यावा. शेवटच्या स्थानातून सुरुवातीचे स्थान वजा करून त्यात १ मिळवला, की ‘लांबी’ स्तंभातील संख्या यायला हवी. ४ ते ८ असेल तर ५. शिवाय प्रत्येक चलाची सुरुवात ही आधीच्या चलाच्या शेवटाहून एकाने जास्त हवी. यासाठी दोन सूत्रे पुरतात, आणि लेआउट उतरवताना झालेल्या बहुतेक चुका त्यांत सापडतात.

आर प्रणालीत वाचन

चार पॅकेजे लागतील: ‘रीडएक्सेल’ (readxl), ‘रीडआर’ (readr), ‘हेवन’ (haven) आणि ‘लेबल्ड’ (labelled). विंडोज वापरत असल्यास आर प्रणालीची आवृत्ती ४.२.० किंवा नंतरची असावी. २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून विंडोजवरही आर मूळचेच यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत काम करते. त्यापूर्वी देवनागरी लेबलांच्या जागी टोकदार कंसांतील (< >) विचित्र संकेत दिसत असत.

दोन्ही शीट ‘रीड_एक्सेल’ने वाचाव्यात आणि स्तंभप्रकार सांगणाऱ्या ‘कोल_टाइप्स’ (col_types) या आर्ग्युमेंटला ‘टेक्स्ट’ हे मूल्य द्यावे. हे दिले नाही, तर फंक्शन सुरुवातीच्या ओळी पाहून स्तंभाचा प्रकार स्वतःच ठरवते, आणि जो अंदाज शीटमध्ये एक्सेलला करू दिला नाही, तो इथे आरला करू देण्यात अर्थ नाही.

मूळ डेटा वाचण्यासाठी ‘रीड_एफडब्ल्यूएफ’ वापरावे. त्याला स्थाने सांगणारे ‘एफडब्ल्यूएफ_पोझिशन्स’ हे साहाय्यक फंक्शन सुरुवात, शेवट आणि नाव असे तीन स्तंभ मागते, आणि ते तिन्ही आपल्या ‘चल’ शीटमध्ये तयार आहेत. सुरुवात आणि शेवट यांचे तेवढे संख्येत रूपांतर करून द्यावे. शंभर-सव्वाशे चलांची स्थाने हाताने लिहिण्याचे काम इथे एका आज्ञेत होते. सर्व स्तंभ प्रथम अक्षरस्वरूपातच वाचावेत. कुटुंबाची आणि नमुना-गटाची ओळख पटवणारे क्रमांक तर कायमचे अक्षरस्वरूपातच ठेवावेत, कारण त्यांची बेरीज कोणालाही करायची नसते.

वाचून झाल्यावर पहिल्या ओळीची एकूण लांबी शीटमधील शेवटच्या चलाच्या शेवटच्या स्थानाइतकी आहे ना, हे पाहावे. त्यानंतर वय, लिंग आणि राज्य या तीन चलांची वारंवारता काढावी. लिंगाच्या स्तंभात ७ आणि ९ दिसू लागले, तर कुठेतरी एका स्थानाने घसरण झाली आहे.

भार, म्हणजे नमुन्यातील एक नोंद किती जणांचे प्रतिनिधित्व करते हे सांगणारा ‘मल्टिप्लायर’, या चलाकडे विशेष लक्ष द्यावे. फाइलमध्ये तो दशांशचिन्हाशिवाय लिहिलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक दशांशाचे असतात, म्हणून त्याला १०० ने भागावे लागते. अशी टीप लेआउटच्या शेऱ्यांत किंवा सोबतच्या सूचनापत्रात असते, आणि तीही मेटाडेटाच आहे. ‘चल’ शीटमध्ये तिच्यासाठी एक स्तंभ वाढवल्यास उत्तम.

चलांची लेबले

लेबले लावण्यापूर्वी डेटासेटमधील नावे आणि शीटमधील नावे ‘सेटडिफ’ने दोन्ही दिशांनी ताडून पाहावीत: डेटासेटमध्ये आहेत पण शीटमध्ये नाहीत अशी, आणि शीटमध्ये आहेत पण डेटासेटमध्ये नाहीत अशी. दोन्ही वेळा उत्तर रिकामे यायला हवे. निश्चित रुंदीच्या फाइलीला नावे शीटमधूनच मिळाल्याने तिथे ते येतेच. डेटा स्वतःची शीर्षके घेऊन सीएसव्हीतून, म्हणजे स्वल्पविरामांनी उत्तरे वेगळी केलेल्या फाइलीतून, आला असेल, तर या ताळ्याची खरी गरज भासते. नावामागची एखादी अदृश्य मोकळी जागाही इथे पकडली जाते.

त्यानंतर लेबलांची एक नामयुक्त यादी, म्हणजे ‘लिस्ट’, तयार करावी. यादीतील घटक म्हणजे लेबले आणि घटकांची नावे म्हणजे चलांची नावे. ही यादी ‘व्हार_लेबल’ या फंक्शनमार्फत डेटासेटला बहाल करावी. इथे यादीऐवजी साधा अक्षरांचा व्हेक्टर, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची माळ, दिला, तर तो स्तंभांच्या क्रमाने लावला जातो आणि त्यातील नावे दुर्लक्षिली जातात. शीटचा क्रम डेटाच्या क्रमाशी जुळत असेपर्यंत ही चूक दिसतच नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी शीटची मांडणी विषयवार बदलली होती आणि व्हेक्टर तसाच दिला होता. ‘वैवाहिक स्थिती’ या चलाची सरासरी २८ आली, तेव्हा गफलत लक्षात आली. वय आणि वैवाहिक स्थिती या दोन चलांऐवजी शिक्षण आणि व्यवसाय यांची अदलाबदल झाली असती, तर ती बहुधा लक्षातही आली नसती. म्हणून क्रमावर कधीही विसंबू नये, जुळवणी नेहमी नावानेच करावी.

मूल्यांची लेबले

‘संकेत’ शीटचे सूचीच्या नावानुसार ‘स्प्लिट’ने तुकडे करावेत. मग ‘चल’ शीटमधील ज्या ज्या ओळीत संकेतसूची भरलेली आहे, त्या प्रत्येक ओळीसाठी एक फेरी चालवावी, तीत त्या सूचीचा तुकडा काढावा, त्याचा नामयुक्त व्हेक्टर करावा आणि तो ‘व्हॅल_लेबल्स’ने संबंधित स्तंभाला लावावा. या व्हेक्टरची दिशा नवशिक्यांना उलटी वाटते: संकेतांक हे मूल्य असते आणि लेबल हे त्या मूल्याचे नाव असते. ‘पुरुष’ हे नाव आणि १ ही किंमत, असे लक्षात ठेवावे.

स्तंभाचा प्रकार आणि संकेतांकांचा प्रकार एकच हवा. स्तंभ अक्षरस्वरूपात असेल आणि संकेतांक संख्या असतील, तर फंक्शन त्रुटी दाखवून थांबते, हे बरेच. दोन्ही अक्षरस्वरूपात असून एकीकडे ‘०२’ आणि दुसरीकडे ‘२’ असेल, तर मात्र काहीही कुरकुर होत नाही. फक्त हिमाचल प्रदेशाला लेबल लागत नाही. ज्या चलांना संकेतसूची आहे, ते स्तंभ आणि त्यांचे संकेतांक दोन्ही संख्येत बदलून घेतल्यास हा प्रश्न मिटतो. पुढे फाइल स्टाटामध्ये न्यायची असेल, तर तसे करावेच लागते, कारण तिथे मूल्यांची लेबले फक्त पूर्णांकांनाच लावता येतात.

आता सर्वांत उपयोगी तपासणी करावी. प्रत्येक चलासाठी, डेटामध्ये प्रत्यक्ष आढळणारे पण सूचीत नसलेले संकेतांक काढावेत. ही यादी रिकामी नसेल, तर तिच्यामागे तीनपैकी एक कारण असते: सूचीतील एखादी ओळ उतरवायची राहिली आहे, चुकीची सूची जोडली आहे, किंवा त्या वर्षी अनुसूचीत नवा संकेतांक आला आहे. सूचीत असून डेटामध्ये न आढळणाऱ्या संकेतांकांची काळजी करण्याचे कारण नसते. एखाद्या राज्यात एखादा पर्याय कोणीच निवडलेला नसू शकतो.

वगळायचे संकेतांक चलानिहाय द्यावेत, संपूर्ण डेटासेटसाठी एकच नियम करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलींत ९८ हा संकेतांक सामान्यतः ‘माहीत नाही’ यासाठी येतो. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक स्थितीत मात्र ९८ म्हणजे आजारपणामुळे काम न केलेला रोजंदार. आणि वयाच्या स्तंभात ९८ म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षांच्या आजीबाई असू शकतात.

तक्ते किंवा आलेख काढताना संकेतांकांच्या जागी शब्द हवे असतात. त्यासाठी ‘टू_फॅक्टर’ हे ‘लेबल्ड’ पॅकेजमधील फंक्शन वापरावे. आर प्रणालीचे मूळचे ‘ॲज.फॅक्टर’ वापरल्यास लेबले बाजूला पडतात आणि तक्त्यात पुन्हा ११, १२, २१ दिसू लागतात. डेटासेटमध्ये काय काय जोडले गेले हे एका दृष्टिक्षेपात पाहण्यासाठी ‘लुक_फॉर’ आहे. शब्द न देता चालवल्यास ते सर्व चलांची, लेबलांची आणि संकेतांकांची यादी दाखवते.

क्रमाबद्दल एक सूचना. स्तंभाचा प्रकार बदलणे, कंस वापरून ओळी निवडणे, नवी गणिते करणे यांत चिकटवलेली माहिती अनेकदा गळून पडते. म्हणून प्रकारबदल आधी उरकावा, लेबले त्यानंतर लावावीत, आणि पुढे काही गळलेच तर ‘कॉपी_लेबल्स_फ्रॉम’ने लेबले लावलेल्या प्रतीवरून ती परत घ्यावीत.

जतन करताना

सीएसव्ही फाइलीत लेबले राहत नाहीत. आरमध्येच पुढे काम करायचे असेल तर ‘आरडीएस’, एसपीएसएससाठी ‘राइट_एसएव्ही’ आणि स्टाटासाठी ‘राइट_डीटीए’ वापरावे.

शेवटच्या दोन्हींत लांबीची मर्यादा आहे आणि ती मराठीला जास्त जाचते. स्टाटामध्ये चलाचे लेबल ८० चिन्हांपर्यंत असू शकते. एसपीएसएसमध्ये चलाच्या लेबलाला २५६ आणि मूल्याच्या लेबलाला १२० बाइट मिळतात. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हेच असतात. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, परंतु त्यात सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. या हिशेबाने मूल्याच्या मराठी लेबलाला जेमतेम चाळीस चिन्हे मिळतात. मुख्य स्थितीतील ९३ या संकेतांकाचा पूर्ण अर्थ घरकाम सांभाळून कुटुंबाच्या वापरासाठी भाजीपाला, सरपण, चारा गोळा करणे, शिवणकाम, विणकाम करणे असा आहे, आणि तो चाळीस चिन्हांत मावणे शक्य नाही. ‘संकेत’ शीटमध्ये ‘आखूड लेबल’ आणि ‘पूर्ण अर्थ’ असे दोन स्तंभ ठेवावेत, डेटासेटला आखूड लेबल लावावे आणि ‘एनचार’ फंक्शनला बाइट मोजायला सांगून लांबी आधीच तपासावी.

एसपीएसएस आणि स्टाटा थेट वापरणाऱ्यांसाठी

एसपीएसएसच्या ‘व्हेरिएबल व्ह्यू’मध्ये लेबलांचा स्तंभ एक्सेलमधून उचलून सरळ चिकटवता येतो. ते झटपट होते, पण तिथे जुळवणी निव्वळ क्रमावर असते आणि वर सांगितलेला धोका तसाच राहतो. त्यापेक्षा शीटमध्येच एक जादा स्तंभ घेऊन, सूत्राच्या साहाय्याने प्रत्येक ओळीत आज्ञेचा शब्द, चलाचे नाव आणि अवतरणचिन्हांतील लेबल जोडून पूर्ण आज्ञा तयार करावी. सूत्र खाली ओढले की शंभर आज्ञा तयार होतात आणि त्या एसपीएसएसच्या सिंटॅक्स खिडकीत किंवा स्टाटाच्या डू-फाइलमध्ये चिकटवता येतात. लेबलाच्या मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर आज्ञा मोडते, म्हणून ते आधी काढून टाकावे. स्टाटामध्ये मराठी लेबले हवी असल्यास आवृत्ती १४ किंवा नंतरची लागते. युनिकोडची सोय तिथे २०१५ पासून आली.

पुढील वर्षाची फाइल आली, की जुनी शीट थेट तिच्यावर चालवू नये. नव्या लेआउटमधील सुरुवात, शेवट आणि लांबी हे तीन स्तंभ जुन्या शीटशेजारी ठेवून फरक पाहावा, बदललेल्या ओळी दुरुस्त कराव्यात, आणि शीट सर्वेक्षणाचे वर्ष नावात घालून स्वतंत्र जतन करावी.